मूळ हिब्रू-ग्रीकमधून बायबल अभ्यासायला सॉफ्टवेअर: लोगोस, अकॉर्डन्स की फुकटातले?

पाणवठा

मंडळी, सेमिनरीतून बाहेर पडलेल्या चौघांच्या अभ्यासगटासाठी सॉफ्टवेअर ठरवायचे आहे. ग्रीक सगळ्यांचे दोन वर्षांचे, हिब्रू जेमतेम वर्षाचे. तिघांकडे विंडोजचे लॅपटॉप (दोन ८ जीबी रॅमचे, एक ४ जीबीचा), एकाकडे मॅक, फोन सगळ्यांचे अँड्रॉइड. दोघांच्या गावी नेटचा भरवसा नाही.

हवे ते असे: शब्दावर बोट ठेवले की धातू, रूप आणि अर्थ दिसावा. अमुक धातू अमुक रूपात कुठे कुठे आला ते शोधता यावे. सेप्टुअजिंट (जुन्या कराराचे प्राचीन ग्रीक भाषांतर) हवे. शेजारी मराठी भाषांतर दिसावे. लेख मराठीत लिहायचे असतात, त्यामुळे हिब्रू उतारा वर्डमध्ये नीट उतरला पाहिजे. पैसे टाकायची तयारी आहे, पण डॉलरमधले आकडे बघून आधी फुकटातले चाचपावे म्हणतो.

मासोरा

नाव नंतर ठरवा. आधी प्रोग्रामच्या पोटात काय भरलेय ते बघायला शिका: संहिता कुठली, टॅगिंग (प्रत्येक शब्दाला जोडलेली धातू-रूपाची माहिती) कोणाचे, कोश कुठला. खिडक्या, रंग, बटणे यांची सवय आठवड्यात होते. चुकीच्या संहितेवर केलेला शोध मात्र पुढे प्रत्येक लेखात डोके वर काढतो.

हिब्रूची संहिता बहुतेक सगळीकडे एकच असते, लेनिनग्राड कोडेक्स (इ.स. १००८-०९). छापील श्टुटगार्ट आवृत्ती त्याच्यावरच आधारलेली आहे. 'वेस्टमिन्स्टर लेनिनग्राड कोडेक्स' ही त्याची संगणकीय प्रत मोफत मिळते, म्हणून फुकट प्रोग्रामातही मूळ हिब्रू चांगले असते. श्टुटगार्टच्या तळटिपांमधले पाठभेद मात्र फुकटात येत नाहीत, ते विकत घ्यायचे मॉड्यूल (प्रोग्रामला जोडायचा ग्रंथ).

ग्रीकमध्ये घोळ जास्त. अभ्यासक वापरतात ती ग्रीक नव्या कराराची छापील संहिता म्हणजे नेस्टले-आलांड. तिची २८वी आवृत्ती (२०१२) हक्कसंरक्षित आहे. फुकट प्रोग्रामात तिच्याऐवजी २०१० ची एसबीएल (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरची) आवृत्ती, १९०४ चा नेस्टले, वेस्टकॉट-हॉर्ट, बायझंटाइन किंवा टेक्स्टस रिसेप्टस यांपैकी काहीतरी असते. एसबीएलचा पाठ नेस्टले-आलांडच्या पाठापासून ५४० हून अधिक जागी वेगळा आहे. रोजच्या वाचनात फरक जाणवणार नाही, पण पाठभेदावर लिहिताना 'ग्रीकमध्ये असे आहे' म्हणण्याआधी कुठल्या ग्रीकमध्ये ते माहीत पाहिजे. एसबीएलच्या तळटिपाही हस्तलिखितांच्या नाहीत. त्या इतर छापील आवृत्त्यांशी केलेली तुलना दाखवतात. तिथे सिनाईटिकस किंवा पी-४६ अशी हस्तलिखिते शोधत बसू नका.

समोरचा पाठ कुठला ते ओळखायला दोन जागा पुरतात. यहूदाच्या पत्राचे ५वे वचन: २७व्या आवृत्तीत 'प्रभू', २८व्यात 'येशू'. दुसरे पेत्र ३:१०: २८व्या आवृत्तीत क्रियापदाआधी नकार आला आहे, आणि त्याला एकाही ग्रीक हस्तलिखिताचा आधार नाही. हा नकार दिसला तर पाठ २८वा.

फुकटराव

मासोरांशी सहमत. थेट कामाचे सांगतो.

नेट नसलेल्या दोघांसाठी फोनवर अँडबायबल. पूर्ण मोफत, जाहिरात नाही, एकदा उतरवले की नेट लागत नाही. 'डॉक्युमेंट्स उतरवा' मध्ये जाऊन या क्रमाने घ्या: ओपन स्क्रिप्चर्स हिब्रू बायबल, एसबीएल किंवा मॉर्फ-जीएनटी ग्रीक, सेप्टुअजिंट, स्ट्राँगचे हिब्रू व ग्रीक कोश (प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणारे), अॅबट-स्मिथचा ग्रीक कोश, आणि रॉबिन्सनचे व्याकरण-खुणांचे मॉड्यूल. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात. मग शब्दावर टिचकी मारली की 'व्ही-एएआय-३एस' अशी खूण दिसते आणि पुढे काहीच उघडत नाही. 'अओरिस्ट (ग्रीकचा एक भूतकाळ), कर्तरी, निश्चयार्थ, तृतीयपुरुष एकवचन' असा उलगडा त्या मॉड्यूलमधून येतो. हिब्रूच्या खुणांसाठी वेगळे मॉड्यूल आहे, तेही घ्या.

पहिल्यांदा शोध घेताना ते सूची बनवायची परवानगी मागते. प्रत्येक पुस्तकाची सूची वेगळी. ती चालू असताना फोन बंद केला तर शोध अर्धवट निकाल देतो आणि काही बिघडल्याचे सांगतही नाही. निकाल संशयास्पद कमी वाटले तर सूची पुसून पुन्हा बनवा.

लॅपटॉपवर हीच मॉड्यूले झिफोस किंवा बायबलटाइममध्ये चालतात, मॅकवर एलोक्वंटमध्ये. सगळी क्रॉसवायरच्या स्वोर्ड प्रकल्पातली भावंडे. ४ जीबीच्या लॅपटॉपला हीच ठीक.

मराठीसाठी 'इंडियन रिवाइज्ड व्हर्जन' (२०१९) मुक्त परवान्यात आहे, ते अँडबायबलमध्ये मिळते. बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र हक्कसंरक्षित असल्याने या साठ्यात नसते. कुणी 'बनवून' दिलेले मॉड्यूल घेऊ नका.

शब्दवेधी

फुकटरावांच्या यादीत स्टेप बायबल राहिले. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचे, मोफत. ब्राउझरमध्ये चालते, शिवाय उतरवून घ्यायची आवृत्तीही आहे, म्हणजे नेटचा प्रश्न तिथेही सुटतो. हिब्रू वर्षभराचे असेल तर सुरुवातीला यापेक्षा सोपे काही नाही: शब्दावर माउस नेला की खाली अर्थ, टिचकी मारली की कोश आणि वारंवारता. त्यांचा टॅग केलेला डेटाही मुक्त परवान्यात आहे.

ई-स्वोर्ड आणि द वर्ड हे दोन्ही विंडोजवर फुकट. ई-स्वोर्डची अधिकृत अँड्रॉइड आवृत्ती नाही. दोन्हींसाठी तिसऱ्याच लोकांनी बनवलेल्या मॉड्यूलांच्या साइट आहेत. तिथे महागडे कोश 'मोफत' दिसले तर ते चोरीचे असतात, आणि बहुतेक वेळा स्कॅन करून काढलेले. हिब्रू अक्षरांत बेथच्या जागी काफ, दालेथच्या जागी रेश असे घोळ त्यात सर्रास असतात. चोरीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी असा कोश कामाला निकामी.

पुस्तकपाल

फुकटातले छान आहे, पण मर्यादा कोशापाशी येते. फुकटात मिळणारा हिब्रू कोश ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज, तो १९०६ चा. हिब्रूच्या नात्यातल्या उगारिटिक भाषेचा शोध लागला १९२९ मध्ये, मृत समुद्राच्या गुंडाळ्या १९४७ पासून पुढे. त्या कोशात यातले काही असणे शक्यच नाही. ग्रीकसाठी थेयर तर पपायरसांचा अभ्यास बहरण्याआधीचा. स्ट्राँगच्या शब्दार्थांना कोश म्हणूच नये. १८९० सालच्या त्या इंग्रजी बायबलच्या शब्दसूचीची ती पुरवणी आहे.

पैसे टाकायचेच असतील तर दोनच गोष्टींवर: ग्रीकसाठी बाउअर-डँकरचा कोश (इंग्रजी तिसरी आवृत्ती, २०००) आणि हिब्रू-अरामीसाठी कोलर-बाउमगार्टनर. कुठल्या प्रोग्राममध्ये घ्यायचे हा पुढचा प्रश्न, आणि तिथे मी लोगोस म्हणेन. ग्रंथसंग्रह सर्वांत मोठा, भाष्ये आणि कोश एकमेकांना जोडलेले, फोनवरही तेच सगळे.

आलेफ_ते_ताव

पुस्तकपाल, लोगोसबद्दल पूर्ण चित्र द्या की. २०२४ पासून त्यांचा भर वर्गणीवर आहे. विकत घेतलेले ग्रंथ वर्गणी थांबवली तरी तुमच्याकडे राहतात. वर्गणीबरोबर मिळालेली साधने आणि ग्रंथ राहत नाहीत. गटाने घेताना प्रत्येक ग्रंथाच्या पानावर 'मालकी' आहे की 'वर्गणीत समाविष्ट' ते वाचा. आणि परवाना माणसाला मिळतो, गटाला नाही. चौघांनी एक खाते वापरणे नियमात बसत नाही.

लॅपटॉपचेही बघा. मोठा संग्रह उतरवला की लोगोस सगळ्या ग्रंथांची सूची बनवत बसते. साध्या हार्ड डिस्कवर आणि ४ जीबी रॅमवर तो लॅपटॉप तेवढा वेळ दुसऱ्या कामाचा राहत नाही. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर चालेल. नाहीतर ब्राउझरमधली आवृत्ती, पण मग नेट हवे.

निव्वळ मूळ भाषांतला शोध हेच काम असेल तर माझे मत अकॉर्डन्स. १९९४ साली मॅकवर सुरू झाले, २०१३ पासून विंडोजवरही आहे. त्यातल्या 'कन्स्ट्रक्ट' खिडकीत शब्दांचे खोके ओळीने मांडायचे, त्यांच्यामधले अंतर द्यायचे, आणि 'अॅग्री' हा दुवा जोडला की लिंग-वचन-विभक्ती जुळणारी जोडीच सापडते. 'नाम आणि त्याच्याशी जुळणारे विशेषण, मध्ये जास्तीत जास्त दोन शब्द' असा शोध तिथे मिनिटभराचे काम. शोधाची भाषा न शिकता हे जमते, म्हणून शिकवणाऱ्यांना आवडते.

कोरा_पपायरस

आणि बायबलवर्क्स? जुन्या सीड्या अजून फिरतात. कुणी विकत देतोय, घ्यावी का?

आलेफ_ते_ताव

घेऊ नका. कंपनी जून २०१८ मध्ये बंद झाली, १०वी आवृत्ती शेवटची. ज्यांच्याकडे चालू आहे ते वापरतात आणि वेगाच्या बाबतीत त्याला अजून तोड नाही, पण नव्या संगणकावर घालताना अडचण आली तर विचारायला कुणी नाही. मॅकवरचा रस्ता तर २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटांचे प्रोग्राम बंद केले तेव्हाच खुंटला. कंपनी गेली तर माझ्या नोंदींचे काय, हा प्रश्न कुठलेही सॉफ्टवेअर घेताना विचारा. नोंदी साध्या मजकुराच्या किंवा वर्डच्या फायलीत बाहेर काढता येतात का, ते विकत घेण्याआधी चाचणी आवृत्तीत करून पाहा.

मासोरा

आता चाचणी. कुठलाही प्रोग्राम पसंत करण्याआधी त्यात हे पाच शोध करून बघा. अर्ध्या तासात कळते की आत काय आहे.

पहिला, 'बारा' हा धातू (निर्माण करणे). उत्पत्ती १:१ मधल्या शब्दावरून सर्व ठिकाणे काढा. स्ट्राँगचा क्रमांक १२५४ धरला तर ५४ यायला हव्यात. आता रूपाप्रमाणे (काल, निफआल वगैरे हिब्रू क्रियापदाचे साचे) वाटणी मागा: काल ३८, निफआल १०, पिएल ५, हिफईल १. काल आणि निफआल या ४८ जागी निर्माण करणारा देव. पिएलमध्ये अर्थच वेगळा: यहोशवा १७:१५ आणि १८ मध्ये जंगल तोडणे. हिफईल १ शमुवेल २:२९ मध्ये, तिथे 'पुष्ट करणे'. प्रोग्राम एकूण ५४ सांगतो पण रूपाप्रमाणे वाटणी देऊ शकत नाही, म्हणजे त्यात फक्त स्ट्राँगचे क्रमांक आहेत, रूपांचे टॅगिंग नाही. काही कोश यातले पिएल हा निराळा धातू मानतात, तिथे आकडे फुटून येतील. ते चूक नाही, मत आहे.

दुसरा, 'हिश्तहवा' (दंडवत घालणे), उत्पत्ती २२:५. जुन्या कोशांत हे रूप शीन-हेथ-हे या धातूखाली, हिथपाएलच्या प्रकारात. स्ट्राँगमध्येही तोच धातू, क्रमांक ७८१२. उगारिटिकनंतर बहुतेकांनी ते हेथ-वाव-हे या धातूचे हिश्ताफेल (एक विरळ साचा) मानले. अॅमस्टरडॅमच्या व्ह्राय विद्यापीठाचा हिब्रू डेटाबेस आणि कोलर-बाउमगार्टनर तसेच मानतात. तुम्ही जुन्या धातूने शोधले आणि टॅगिंग नवे असेल, तर १७० च्या आसपास जागा असलेले हे क्रियापद 'जुन्या करारात जवळजवळ नाहीच' असा निकाल येईल. म्हणून धातू स्वतः टंकू नका. वचनातल्या शब्दावर उजवी टिचकी मारून 'या कोशरूपाने शोधा' घ्या.

तिसरा, अरामी. दानीएल २:४ च्या मध्यापासून ७:२८ पर्यंत, एज्रा ४:८ ते ६:१८ आणि ७:१२-२६, यिर्मया १०:११, आणि उत्पत्ती ३१:४७ मधले दोन शब्द. 'फक्त अरामी' असा शोध लावला की उत्पत्तीतले ते दोन शब्द येतात का बघा. आले तर टॅगिंग काळजीपूर्वक केलेय.

चौथा, कथीव आणि करे, म्हणजे लिहिलेले रूप व वाचायचे रूप. उत्पत्ती ८:१७ उघडा. दोन्ही दिसायला हवीत, आणि शोध कशात चाललाय ते निवडता यायला हवे. साध्या मॉड्यूलांत स्वरचिन्हे नसलेला शब्द आणि स्वरचिन्हे असलेला शब्द एकापाठोपाठ छापलेले असतात. नवख्याला वाटते वाक्यात एक शब्द जास्त आहे.

पाचवा ग्रीक, प्रेम करणे या अर्थाची दोन क्रियापदे: अगापाओ नेस्टले-आलांडमध्ये १४३ वेळा, फिलेओ २५ वेळा. आकडा थोडा हलला तर पाठ वेगळा आहे. खूप हलला तर प्रोग्राम नाम आणि क्रियापद एकत्र मोजतोय.

शब्दवेधी

मासोरांच्या यादीला एक पुरवणी: हेसेद. स्ट्राँग २६१७ मध्ये दोन वेगळे शब्द कोंबलेले आहेत. लेवीय २०:१७ मध्ये हेसेद म्हणजे लाजिरवाणे कृत्य. क्रमांकाने शोधले तर ते 'प्रेमदया'च्या यादीत येऊन बसते आणि मग त्यावरून भलतेच प्रवचन उभे राहते.

शिवाय सेप्टुअजिंट स्ट्राँगच्या क्रमांकांनी शोधू नका. स्ट्राँगचे ग्रीक क्रमांक नव्या करारातल्या शब्दांपुरतेच आहेत, ५६२४ पर्यंत, त्यातही २७१७ आणि ३२०३ ते ३३०२ रिकामे. सेप्टुअजिंटमधले कितीतरी शब्द नव्या करारात येतच नाहीत, त्यांना क्रमांकच नाही. शोध कोशरूपाने घ्या.

पाणवठा

ही चाचणी सोन्यासारखी आहे. दोन प्रश्न. 'दोन शब्द तीन शब्दांच्या अंतरात' असा शोध दोन प्रोग्रामांत वेगवेगळे आकडे देतो, का? आणि मराठीशेजारी हिब्रू लावले की स्तोत्रसंहितेत वचने एक-दोनने सरकतात, हा मॉड्यूलचा दोष का?

मासोरा

अंतराचे: हिब्रूत 'आणि', 'मध्ये', 'ला', 'तो' हे उपसर्ग पुढच्या शब्दाला चिकटतात. वेस्टमिन्स्टरच्या आणि अॅमस्टरडॅमच्या टॅगिंगमध्ये प्रत्येक उपसर्ग स्वतंत्र शब्द मोजला जातो. काही मॉड्यूले मोकळ्या जागेवरून शब्द मोजतात. 'वा-बा-यॉम' एकीकडे एक शब्द, दुसरीकडे तीन किंवा चार (लपलेला उपपद धरला तर). अंतर देताना पहिल्या प्रकारात दुप्पट द्या, मग यादी डोळ्यांनी चाळा.

वचनांचे: दोष नाही, दोन क्रमांकपद्धती आहेत. हिब्रूत स्तोत्राचे शीर्षक अनेकदा पहिले वचन असते, मोठे असेल तर पहिली दोन. मराठी ५१:१ म्हणजे हिब्रू ५१:३. योएल मराठीत तीन अध्यायांचे, हिब्रूत चार. मराठी २:२८-३२ हा हिब्रूचा तिसरा अध्याय. मलाखीचे उलट: मराठी ४:१-६ म्हणजे हिब्रू ३:१९-२४. उत्पत्ती ३१:५५ हिब्रूत ३२:१. यहेज्केल मराठी २१:१९ म्हणजे हिब्रू २१:२४, आणि 'बारा'च्या पिएलपैकी दोन जागा तिथेच आहेत, म्हणून वरच्या चाचणीत हे वचन सापडले नाही असे वाटले तर इथे बघा. सेप्टुअजिंटमध्ये ९ आणि १०वे स्तोत्र एक होते, त्यामुळे 'यहोवा माझा मेंढपाळ' तिथे २२वे. यिर्मयाचे तर २५व्या अध्यायापासून अध्यायांचा क्रमच निराळा.

लोगोस आणि अकॉर्डन्स या पद्धती आपोआप जुळवतात. स्वोर्डवाल्यांपैकी काही जुळवतात, काही फक्त आकडा बघून शेजारी ठेवतात. मलाखी ४:१ उघडा. हिब्रूचा रकाना रिकामा आला तर तुमचा प्रोग्राम दुसऱ्या जातीचा.

ओळ_न_ओळ

पायथनची थोडी ओळख असेल त्यांच्यासाठी: अॅमस्टरडॅमच्या व्ह्राय विद्यापीठात १९७७ पासून बनत आलेला हिब्रू डेटाबेस टेक्स्ट-फॅब्रिक नावाच्या साधनातून मोफत वापरता येतो (बिगरव्यापारी वापरासाठी). सुमारे ४,२६,५०० शब्दघटक, आणि प्रत्येकाला रूपाबरोबर पदबंध आणि उपवाक्यही. 'कर्ता क्रियापदाच्या आधी आलेली उपवाक्ये, क्रियापद काल पूर्ण रूपात, फक्त कथनात' असा शोध इतर फुकट प्रोग्रामांत सापडणे कठीण. पहिल्यांदा चालवताना डेटा उतरवतो, तेवढ्यापुरते नेट हवे, नंतर नाही. पायथन नको असेल तर शेबांक ही त्यांची साइट, तिथे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले शोध वाचता येतात आणि त्यावरून शिकता येते.

ग्रीकसाठी १९०४ च्या नेस्टलेवर अशीच वाक्यरचनेची झाडे मुक्त परवान्यात आहेत.

एक सावधगिरी: ग्रीकचे 'कर्मणी' शोधताना 'उत्तर दिले' (अपेक्रिथे) शेकड्याने येते. काही डेटाबेस बाह्यरूप बघून कर्मणी लिहितात, काही अशा क्रियापदांना वेगळी खूण देतात. आकडेवारी काढण्याआधी ते बघा, नाहीतर मार्कच्या शैलीबद्दल नसलेले निष्कर्ष निघतात.

पुस्तकपाल

टेक्स्ट-फॅब्रिक वर्षभराचे हिब्रू असलेल्यांना? आधी रूथ पूर्ण वाचू देत.

ओळ_न_ओळ

मान्य. रूथचे चार अध्याय झाले की मग.

नवगावकर

हिब्रू वाचनासाठी सेफारिया राहिले. मोफत, तनाख (हिब्रू बायबल) पूर्ण, आणि वचनाशेजारी राशी, इब्न एझ्रा हे जुने यहुदी भाष्यकार आणि तारगूम (अरामी भाषांतर) उघडतात. रूपांचा शोध तिथे होत नाही, पण यहुदी परंपरा वचन कसे वाचते ते तिथे एका टिचकीवर. बेने इस्राएल घरांत हिब्रू मजकुराबरोबर मराठी छापण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून आहे. १८४६ ची मुंबईची हग्गादा (वल्हांडणाच्या जेवणावेळी वाचायची पोथी) प्रसिद्ध आहे. तेव्हा मराठीतून हिब्रू शिकणारे तुम्ही पहिले नाही. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले.

अरामीसाठी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह अरामेइक लेक्सिकन' ही साइट: तारगूम, सिरियाक, दोन्ही टॅग केलेले, मोफत. दिसायला जुनाट आहे, कामाला नाही.

कोरा_पपायरस

वर्डमधल्या हिब्रूचे कुणी बोलले नाही. चिकटवले की मराठीचा फाँट बदलतो आणि हिब्रूचे चौकोन होतात, हे होतेच होते.

शब्दवेधी

याचे कारण खास आपले आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा त्रास कळणारच नाही. वर्डमध्ये रोमन लिपीचा फाँट एका खणात आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा दुसऱ्या खणात असतो. देवनागरी आणि हिब्रू दोन्ही त्या दुसऱ्याच खणात. म्हणजे तिथे एझ्रा एसआयएल हा हिब्रू फाँट ठेवला की मराठीला फाँट उरत नाही, मंगल किंवा कोकिळा ठेवला की हिब्रूला. ग्रीक रोमनच्या खणात जाते, त्यामुळे ते बिनतक्रार.

उपाय: दोन अक्षर-शैली बनवा. 'मराठी' आणि 'हिब्रू'. प्रत्येकीच्या फाँट खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समोरचा फाँट आणि आकार वेगळा द्या. हिब्रूसाठी एझ्रा एसआयएल किंवा एसबीएल हिब्रू. आकार मराठीपेक्षा दोन-तीन पॉइंट मोठा, म्हणजे स्वरचिन्हे छपाईत बुजत नाहीत. शब्द निवडून शैली लावा. फाँटच्या पट्टीला हात लावू नका. लिब्रेऑफिसमध्येही रचना हीच. एसबीएलचा फाँट बिगरव्यापारी वापरासाठी मोफत आहे. विक्रीच्या मासिकात छापायचे असेल तर एझ्रा एसआयएल घ्या, त्याचा परवाना खुला आहे.

मराठी वाक्यात दोन-तीन हिब्रू शब्द असतील आणि मागून पूर्णविराम किंवा वचनाचा आकडा आला तर तो उडी मारून पलीकडे जातो. हिब्रू तुकड्यानंतर डावीकडून-उजवीकडे ही अदृश्य खूण घाला, जागेवर बसतो. पूर्ण वचन असेल तर वेगळा परिच्छेद करून त्याची दिशा उजवीकडून करा.

ओळ_न_ओळ

त्याच्याच पोटातला एक त्रास: वेबसाइटवरून उचललेला हिब्रू शब्द प्रोग्रामच्या शोधात टाकला तर 'सापडला नाही' येते, दिसायला मात्र अक्षर न् अक्षर तेच. यूनिकोडच्या प्रमाणीकरणात अक्षरानंतर स्वरचिन्ह आधी आणि दागेश (अक्षराच्या पोटातला ठिपका) नंतर असा क्रम लागतो. बरेच कीबोर्ड उलट क्रमाने टंकतात. प्रोग्राम क्रम दुरुस्त करून शोधत नसेल तर जुळत नाही. ग्रीकमध्ये हाच प्रकार तीव्र आघातचिन्हाचा: दिसायला सारखी दोन अक्षरे, संकेतांक वेगळे. तोड सोपी: हिब्रूतली स्वरचिन्हे आणि ग्रीकमधले आघात काढून नुसती अक्षरे टाका.

टंकायचेच असेल तर ग्रीकसाठी विंडोजमधला 'ग्रीक पॉलिटॉनिक' कीबोर्ड. हिब्रूसाठी एसबीएलचा मोफत कीबोर्ड. विंडोजच्या साध्या हिब्रू कीबोर्डवर स्वरचिन्हे शोधण्यात जीव जातो.

पाणवठा

ठरवतोय असे: चौघांनाही अँडबायबल आणि स्टेप, मासोरांची चाचणी सगळ्यांनी करायची, आणि वर्षभराने दोन कोश. कोश लोगोसमध्ये की अकॉर्डन्समध्ये ते चाचणी आवृत्त्या पाहून. पैसे भरायचे काय? कार्ड नाकारले जाते असे ऐकतो.

आलेफ_ते_ताव

नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात; बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करा, मर्यादा घाला, व्यवहार झाला की पुन्हा बंद. दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी मात्र रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे (ऑक्टोबर २०२१ पासून) परदेशी विक्रेत्याकडे अनेकदा अडकते, आणि ते प्रवचनाच्या आदल्या रात्री कळते. वर्गणी घेतलीच तर वर्षाची एकदम, हाताने भरून. कोश एकरकमी विकत घेत असाल तर हा प्रश्नच नाही. दोन्ही कंपन्या वर्षभरात सवलतीचे दिवस काढतात, तेव्हा कोशांची जोडी घ्या, सुटे घेऊ नका.

वसईची_केळी

उशिरा आलो. कॅथलिक वाचकांसाठी एक भर: तोबीत, सिराख, मक्काबी हवे असतील तर सेप्टुअजिंटचे मॉड्यूल नीट निवडा. राल्फ्सच्या आवृत्तीत (१९३५) शास्ते आणि तोबीत यांचे दोन-दोन पाठ आहेत, दानीएलचाही जुना ग्रीक आणि थियोडोशन या भाषांतरकाराचा असे दोन. स्वस्त मॉड्यूले यातला एकच ठेवतात, आणि कुठला ते लिहीत नाहीत. दानीएल उघडून दोन रकाने मिळतात का बघा.

सिराखमध्ये आणखी गंमत. ग्रीक हस्तलिखितांत ३०:२५ ते ३३:१३ चा पहिला भाग आणि ३३:१३ चा उरलेला भाग ते ३६:१६ हे दोन गठ्ठे आपापसांत बदललेले आहेत. काही आवृत्त्या हस्तलिखिताचा क्रमांक ठेवतात, काही दुरुस्त केलेला, काही दोन्ही. मराठी भाषांतराशेजारी ३४वा अध्याय लावला आणि विषयच वेगळा निघाला तर प्रोग्रामला शिव्या देण्याआधी ३१वा उघडून बघा. हिब्रू सिराखचे तुकडे (कैरोच्या गेनिझातले, म्हणजे सिनेगॉगच्या जुन्या पोथ्यांच्या कोठीतले, आणि मसादाचे) वेस्टमिन्स्टरच्या संहितेत नसतात, ते वेगळे मॉड्यूल शोधावे लागते.

मासोरा

उत्तम भर. पाणवठा, चाचणीच्या यादीत सहावा शोध म्हणून दानीएलचे दोन रकाने घालून घ्या.